शुक्रवारची पोपटी

तुम्ही न्यू जर्सीत राहत असाल किंवा लंडनच्या आसपास, तर अंगणात शेगडी काढायचे तुमचे दिवस मे महिन्याच्या अखेरीस सुरू होतात आणि सप्टेंबरात संपतात. मक्याची कणसं, पनीर, कोंबडीच्या तंगड्या आणि कुणीतरी घरून करून आणलेली भेळ. दुबई-अबू धाबीच्या मराठी घरांत याच महिन्यांत गॅलरीचं दारसुद्धा उघडत नाही. इथे शेगडी नोव्हेंबरात बाहेर येते आणि मार्चअखेर आत जाते. हे ऐकून तिकडचे मित्र म्हणतात, "तुमचं सगळंच उलटं!" अमिरातीत राहून मी इथल्या भारतीयांच्या इतिहासावर काम करते, आणि या बाबतीत मला त्यांचं म्हणणं मान्य नाही. उलटं झालंय ते तुमचं.

आपलं उघड्यावरचं जेवण मुळात थंडीतलं आहे. आठवून पाहा. कार्तिकात आवळीभोजन, म्हणजे आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं. मग देशावर हुरडा: कोवळ्या ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि गूळ, दही, चटणीबरोबर गरम गरम खायची. आणि रायगडात, अलिबाग-पेण-रोह्याकडे, पोपटी. भात कापून झाल्यावर शेतात जी ओल उरते तिच्यावर वाल पेरतात. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी असे थर लावायचे. तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि भोवती पेंढा, पालापाचोळा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही. अर्ध्या तासाने तापलेल्या मडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते चर्रकन उडून गेलं, की पोपटी झाली.

हे सगळं थंडीत येतं त्यामागे हवेइतकंच कामाचं गणित आहे. खरीप निघालेलं असतं आणि हाताशी थोडा वेळ असतो. उन्हाळा मात्र कामाचा असे. कोकणात आगोटीची तयारी, म्हणजे लाकूडफाटा भरणं, घर शाकारणं. देशावर कुरडया, पापड, सांडगे यांचं वाळवण. आपल्या उन्हाळ्यातली घरगुती हस्तकला कुठली, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. घरातल्या आणि शेजारच्या बायका गच्चीवर जमत, आणि त्या कामातच गप्पा, गाणी, चेष्टा होई.

त्यामुळे कोकणातून किंवा सोलापुराकडून थेट आखातात आलेल्या माणसाचं पंचांग बदललं नाही. रायगडात वालाच्या शेंगा भरतात तेव्हाच दुबईत बाहेर बसण्याजोगी हवा असते. पंचांग बदलावं लागलं ते तुम्हाला.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. पण अमिरातीचा उन्हाळा आपण आलो म्हणून अवघड झाला असं नाही. तेलाच्या आधी या किनाऱ्याची कमाई मोत्यांची होती, आणि मोती काढायचा मुख्य हंगाम ऐन उन्हाळ्यातला, साधारण जून ते सप्टेंबर. त्याला 'अल-गौस अल-कबीर' म्हणत, म्हणजे मोठी बुडी. पुरुष चार-चार महिने होड्यांवर असत. मागे राहिलेल्यांपैकी ज्यांना जमे, ती कुटुंबं किनारा सोडून आतल्या खजुराच्या बागांत राहायला जात. ताजा खजूर तेव्हाच पिकतो. काढलेले मोती बऱ्याच प्रमाणात मुंबईच्या बाजारात येत. १९३०च्या सुमारास जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी हा धंदा बसवला, तरी मुंबईचा धागा तुटला नाही. १९६६पर्यंत इथल्या बाजारात रुपया चालत होता. १९५९पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, आणि जून १९६६च्या अवमूल्यनानंतर त्या इथून गेल्या.

उन्हाळ्यात कुटुंबाची दोन ठिकाणी फाळणी होणं, ही या किनाऱ्याची जुनी रीत आहे. आपण ती नकळत पुढे चालवली. इथल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. आई आणि मुलं पुण्याला, कोल्हापूरला, चिपळूणला जातात. बाबा मागे राहतात, कुकर लावायला शिकतात आणि एकमेकांच्या घरी जाऊन पिठलं-भात करतात. फरक एवढाच की मोत्यांच्या काळात घर सोडून जाणारा पुरुष होता.

आणि वाळवण? ऊन इथे हवं तेवढं आहे. नाही ती गच्ची. विसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत धूळ येते, ऑगस्टमध्ये समुद्राकडून येणारी दमट हवा पापड वाळू देत नाही, आणि बाहेरून दिसेल असं काही वाळत घालणं पालिकेला चालत नाही. म्हणून उन्हाळ्यातला हात दुसरीकडे वळला. सुट्टीवरून परतलं की गणपती जवळ आलेले असतात. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात पुठ्ठा, कापड, कागदी फुलं यांचं मखर उभं राहतं, मूर्ती पेणहून आलेली असते आणि पुष्कळ घरांत विसर्जन बादलीत होतं. वातानुकूलित खोलीतलं हे काम रात्री अकरानंतर चालतं. वाळवणाला जमायच्या तशाच शेजारणी इथेही जमतात.

इथवर ऋतूंचं झालं. पण पोपटीला हवेइतकाच आणखी एक घटक लागतो: सगळ्यांना एकाच वेळी मोकळी अशी अर्ध्या दिवसाची सवड. एक जण मडकं आणतो, दुसरा पाला, तिसरा पेंढा, चौथा नुसताच सल्ले देतो. एकट्याने करायचा हा पदार्थ नाही. म्हणून तिचा इतिहास लिहायचा तर सुट्टीच्या वाराचा इतिहास लिहावा लागतो.

अमिरातीच्या १९८०च्या कामगार कायद्याने आठवड्याची सुट्टी शुक्रवारी ठरवली, रोजंदारीवरचे वगळून सर्व कामगारांसाठी. सरकारी कचेऱ्यांना पुढे गुरुवार-शुक्रवार अशी दोन दिवस सुट्टी होती. १ सप्टेंबर २००६पासून ती शुक्रवार-शनिवार झाली. खासगी नोकरीतल्या पुष्कळांना मात्र एकच दिवस मिळे, तोही शुक्रवार. त्यामुळे आपला रविवार कामाचा असे. शुक्रवारी सकाळी निवांत चहा घेऊन घरी फोन लावावा, तर तिकडे भाऊ कचेरीत आणि आई भाजी आणायला गेलेली. सत्यनारायण, डोहाळजेवण, बारसं, नाटकाचा प्रयोग, सगळं शुक्रवारी. दुबईचं सफा पार्क १९७५चं, ममझारचं समुद्रकाठचं पार्क १९९४चं. मुश्रिफला घाफच्या झाडांची सावली. थंडीतल्या शुक्रवारी या ठिकाणी सतरंज्या पडत.

या शुक्रवारची एक बाजू आपण विसरतो. तो सगळ्यांचा होता. हिशेबनीस, नर्स, वेल्डर आणि दुकानातला सेल्समन यांना कायद्याने एकच वार मिळत होता. मला लोकांनी दाखवलेल्या जुन्या अल्बमांत हे दिसतं. शेगडीभोवती एक बँकेतला माणूस, त्याची बायको, दोन मुलं आणि शेजारी शर्ट खोचून उभे असलेले त्यांच्या गावचे तीन-चार तरुण. ते कुणाचे कोण, असं विचारलं की उत्तर येतं, "आमच्या वाडीतला होता, कॅम्पवर राहायचा, शुक्रवारी यायचा." त्याला कुटुंब आणता येत नव्हतं. आजही बायको-मुलांचा व्हिसा काढायचा तर महिन्याला किमान ४,००० दिरहॅम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायची सोय. ज्याला तेवढं मिळत नाही, त्याचं घर म्हणजे दुसऱ्याच्या घरची शुक्रवारची पंगत.

१ जानेवारी २०२२ला सरकारने शनिवार-रविवार सुट्टी केली, शुक्रवार अर्धा दिवस. शारजाने शुक्रवारपासून तीन दिवस दिले. मोठ्या कंपन्यांनी आणि शाळांनी सरकारचा कित्ता गिरवला. आपल्याला फारच बरं वाटलं. तब्बल चार दशकांनी भारताचा रविवार आणि आपला रविवार एक झाला, आईशी निवांत बोलता येऊ लागलं. पण त्याच फेब्रुवारीत लागू झालेल्या नव्या कामगार कायद्यात शुक्रवारचं नाव राहिलं नाही. आठवड्यातून किमान एक दिवस सुट्टी, आणि तो वार करारात ठरेल तो. कुणाचा रविवार, कुणाचा शुक्रवार, कुणाचा पाळीप्रमाणे बदलणारा. सुट्टी कायम राहिली, पण सगळ्यांचा एक वार गेला.

दुबईच्या मुहैसना भागात कामगारांची मोठी वस्ती आहे. सगळे तिला सोनापूर म्हणतात. मुंबईकराच्या कानाला ते नाव मरीन लाइन्सच्या स्मशानाचं. तिथे राहणारे पुष्कळ जण उन्हाळ्यात उघड्यावर काम करतात. त्यांच्यासाठी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन काम बंद ठेवण्याचा नियम २००५पासून आहे. उन्हाळा घरात बसून काढतो असं आपण म्हणतो, तेव्हा त्या 'आपण'मध्ये हे लोक नसतात. थंडीतल्या आगटीभोवती तरी ते असायचे.

पोपटी इथे अजून होते. उद्यानात ठरवून दिलेल्या जागीच विस्तव पेटवता येतो, गवतावर किंवा वाळूवर नाही. म्हणून मडक्याऐवजी जाड बुडाचं पातेलं, पेंढ्याऐवजी कोळसा, भांबुर्ड्याऐवजी कोबीची पानं आणि जास्तीचा ओवा. वालाच्या शेंगा न मिळाल्या तर पापडी. खरा रायगडकर एक घास घेऊन गप्प बसतो आणि मग दुसरा घेतो. पाला बदलला तरी चालतं, असं माझं मत झालंय. भोवती बसणारी माणसं कमी झाली, तर मात्र तो नुसता भाजलेल्या शेंगांचा कार्यक्रम होतो.

यावर उपाय मोठा नाही. काही मित्रमंडळी आता वर्षातली एक पोपटी मुद्दाम शुक्रवारी संध्याकाळी ठेवतात, आणि कॅम्पवरच्या गाववाल्यांची सुट्टी आधी विचारून मग तारीख ठरवतात. आणि तुम्ही आखातात राहून पुढे दुसऱ्या देशात गेला असाल, किंवा आई-बाबा नोकरी संपवून परतले असतील, तर एक करा. इथला मुक्काम बहुतेकांचा नोकरीपुरता असतो, त्यामुळे आठवणी माणसांबरोबर निघून जातात आणि मागे दप्तर राहत नाही. जुने अल्बम काढा. फोटोच्या मागे पेन्सिलीने वर्ष, जागा आणि जमल्यास वार लिहा. शेगडीच्या बाजूला शर्ट खोचून उभा असलेला तो तरुण कोण, कुठल्या गावचा, हे बाबांना आजच विचारून घ्या.