चिनी रेशमी भरतकाम

रेशमी वस्त्रावर रेशमाच्याच धाग्यांनी आकृतिबंध भरण्याची चीनमधील प्राचीन हस्तकला. हूबै प्रांतातील माशान येथे १९८२ मध्ये उत्खनन झालेल्या, इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकांतील थडग्यात पक्षी, ड्रॅगन व वाघ यांच्या आकृती भरलेली वस्त्रे मिळाली. त्यांत, तसेच हूनानमधील मावांगद्वै येथील हानकालीन थडग्यात सापडलेल्या वस्त्रांत, प्रामुख्याने साखळी टाका आढळतो. या टाक्याने रेषेला उठाव येतो. मात्र त्याच्या गुंतलेल्या कड्यांमुळे रेशमाची झळाळी विखुरते. थांगकाळात (६१८–९०७) सपाट भरीव टाका रूढ होऊ लागला. त्यात धागे समांतर व अगदी लगत पडत असल्याने प्रकाश एकाच दिशेने परावर्तित होतो. टाक्याची दिशा बदलली, की एकाच रंगाचा धागा कोठे उजळ तर कोठे गडद भासतो. पाकळीचा वळसा किंवा पिसांची ठेवण केवळ यातून साधता येते. रंगच्छटा एकमेकींत मिसळण्यासाठी लांब-आखूड टाके घालतात.

अशा कामासाठी रेशीम बिनपिळाचे लागते, व ते बोटांनी उकलून घ्यावे लागते. सूजौच्या परिपाठानुसार एका धाग्याचे दोन पदर व प्रत्येक पदराचे आठ तंतू होतात. माशाची शेपटी वा मांजराची लव भरताना यांतील एखाददुसराच तंतू सुईत ओवतात. खरबरीत त्वचेला तो अडकतो, म्हणून हात मऊ राखावे लागतात. शेतातही राबणाऱ्या स्त्रियांना ही अट सोपी नव्हती.

धागा सुईभोवती गुंडाळून घातलेल्या गाठीच्या टाक्याने दाणेदार पोत येतो. तो घालणाऱ्या स्त्रिया अंध होत, म्हणून त्यावर बंदी आली, या पाश्चात्त्य संग्राहकांत रूढ झालेल्या कथेला आधार नाही. कँटनहून मुंबईत आलेल्या पारशी ‘गारा’ साड्यांवरही हा टाका दिसतो. पारशी त्यास ‘खाखा’ म्हणतात.

भरतकाम मुख्यत्वे स्त्रियांच्या हातून झाले; त्यांची नावे मात्र क्वचितच टिकली. मिंगकालीन शांघायमधील गू घराण्याची सून हान शीमंग हा ठळक अपवाद. जुन्या चित्रांवरून तिने भरलेला चित्रसंच (१६३४) बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. सूजौच्या शन शौ (१८७४–१९२१) हिने पाश्चात्त्य चित्रांतील छायाप्रकाश सुईने उतरविला. तिने भरलेले इटलीच्या राणीचे व्यक्तिचित्र १९११ मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात गौरविले गेले. पुढे नांतुंग येथे आजारपणात तिने टाके, धागे व रंग यांविषयीचे आपले ज्ञान तोंडी सांगितले आणि उद्योगपती जांग ज्येन याने ते लिहून घेतले. श्वेह्वान श्यूपू या नावाने ते १९१९ मध्ये ग्रंथरूपाने निघाले. तोवर हे ज्ञान बव्हंशी आईकडून मुलीकडे, पाहूनच जात असे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूजौचे दुहेरी भरतकाम विशेष नावाजले. त्यात धाग्यास गाठ मारीत नाहीत. त्याची टोके बारीक टाक्यांखाली दडवितात व सुई सरळ उभी टोचतात. त्यामुळे पारदर्शक रेशमावर दोन्ही बाजूंनी सारखेच चित्र उमटते. सूजौ भरतकामाचा समावेश २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या सूचीत झाला.