बुप्रोपिऑन: डिप्रेशनची गोळी सिगारेट कशी सोडवते, आणि ती घेताना काय सांभाळायचं

मागच्या वर्षी मी सिगारेट सोडली तेव्हा माझ्या फोनमध्ये रोजचे दोन अलार्म होते: सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. दोन्ही बुप्रोपिऑनच्या गोळीचे. ऑफिसखालच्या टपरीवर एकाने विचारलं, 'ही तर डिप्रेशनची गोळी ना? तुला काय झालं?' तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. आज देतो.

बुप्रोपिऑन १९६९ साली बरोज वेलकम कंपनीत नरिमन मेहता या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं. अमेरिकेत १९८५ ला डिप्रेशनसाठी त्याला परवानगी मिळाली, आणि १९८६ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं, कारण काही रुग्णांना फिट येत होत्या. मग जास्तीत जास्त डोस कमी करून १९८९ ला ते परत आलं. १९९७ ला सिगारेट सोडण्यासाठीही मान्यता मिळाली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच कामासाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. फिटची ती भानगड लक्षात ठेवा, या औषधाचे बहुतेक नियम तिथूनच आलेत.

काम कसं करतं? सिगारेटचा झुरका मारला की निकोटीन मेंदूत डोपामाईन सोडतं, म्हणून बरं वाटतं. सोडली की तोच पुरवठा आटतो. मग चिडचिड, अस्वस्थता, कामात लक्ष नाही. बुप्रोपिऑन डोपामाईन आणि नॉरएपिनेफ्रिन लगेच परत शोषले जाऊ देत नाही, त्यामुळे तलफ थोडी बोथट होते. शिवाय निकोटीन ज्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, तिथे ते थोडा अडथळाही करतं. जादू नाही ही. चाचण्यांमध्ये नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा साधारण दीडपट लोक सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून लांब राहिले, एवढंच. आणि तंबाखू मळणाऱ्यांना किंवा मावा खाणाऱ्यांना याचा असा फायदा सिद्ध झालेला नाही. त्यामुळे 'सिगारेटवर चालते तर तंबाखूवरही चालेल' असं धरून चालू नका.

आधी गोळी, मग तारीख

बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. आज गोळी, आज सिगारेट बंद, असं नसतं. औषध शरीरात स्थिरावायला साधारण आठवडा लागतो. म्हणून गोळी सुरू करतानाच दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस ठरवायचा आणि तोपर्यंत सिगारेट चालू असली तरी चालते. मी कॅलेंडरमध्ये ती तारीख टाकली आणि रिमाइंडर दोन दिवस आधीचा लावला, म्हणजे घरातला लायटर, अॅश ट्रे, बॅगेतलं उरलेलं पाकीट काढून टाकायला वेळ मिळतो.

नेहमीचा डोस असा: एसआर प्रकारची १५० मिलिग्रॅमची गोळी पहिले तीन दिवस रोज एक, मग रोज दोन, आणि दोन गोळ्यांत किमान ८ तासांचं अंतर. सिगारेटसाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर नाही. कोर्स ७ ते १२ आठवडे. किडनी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, म्हणून वरचा आकडा म्हणजे तुमचं प्रिस्क्रिप्शन नव्हे.

नावापुढची अक्षरं महत्त्वाची आहेत. एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, एक्सएल म्हणजे आणखी हळू, दिवसातून एकदाच घ्यायची. आम्ही सर्व्हरवर रेट लिमिट लावतो ना, एका झटक्यात सगळ्या रिक्वेस्ट येऊ नयेत म्हणून, तसंच गोळीच्या रचनेचं काम आहे. गोळी तोडली, चावली किंवा कुटली की ते लिमिट गेलं, सगळं औषध एकदम रक्तात, आणि फिटचा धोका वाढला. (एक्सएल घेणाऱ्यांना कधी शौचातून अख्ख्या गोळीसारखं काही दिसतं. ते रिकामं कवच असतं, औषध आत गेलेलं असतं.)

डोस चुकला तर तो सोडून द्या, पुढच्या वेळी एकच घ्या. रिमाइंडर अॅपमध्ये 'घेतली' वर टॅप करायची सवय लावा. अलार्म बंद करून परत झोपलो आणि नंतर 'घेतली की नाही' आठवत नाही, हा प्रकार मी स्वतः केलाय. अशा वेळी शंका असेल तर घ्यायची नाही. दुसरी गोळी झोपायच्या तोंडावरही नको, झोप उडते. म्हणून माझी पाचची.

कोणी घेऊच नये

३०० मिलिग्रॅमपर्यंत फिटचा धोका हजारात एकाला, ४५० पर्यंत गेलं की हजारात चौघांना. आकडा छोटा आहे, पण काही लोकांसाठी तो छोटा राहत नाही. ज्यांना फिटचा आजार आहे किंवा पूर्वी होता, ज्यांना अॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया आहे किंवा होता, जे एमएओआय प्रकारची औषधं घेतात किंवा गेल्या १४ दिवसांत घेतली आहेत, त्यांनी हे घ्यायचंच नाही. डोक्याला जुना मार, इन्सुलिन किंवा डायबेटिसच्या गोळ्या, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, स्टेरॉईड, हे सगळं डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि दारू. 'एक जानेवारीपासून सिगारेट पण बंद, दारू पण बंद' हा संकल्प ऐकायला भारी वाटतो. पण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक तोडली की मुळातच फिट येऊ शकते, त्यात बुप्रोपिऑन चालू असेल तर धोका दुप्पट अंगावर घेतल्यासारखं. झोपेच्या गोळ्या अचानक बंद करणाऱ्यांचंही तेच. डॉक्टरसमोर दारूचं प्रमाण लाजून कमी सांगू नका.

माझा रूममेट सांगतो तो किस्सा इथला. नवव्या आठवड्यात डॉक्टरांनी माझा कोर्स थांबवला, अर्धी स्ट्रिप उरली. तो म्हणाला, 'दे की मला, फुकट कशाला टाकतोस?' मी द्यायलाच निघालो होतो. स्ट्रिप हातात असताना सहज डॉक्टरांचा पहिला प्रश्न आठवला आणि तोच त्याला विचारला: कधी फिट आलीये का? तो म्हणाला, 'लहानपणी यायच्या, दहावीपर्यंत गोळ्या होत्या. आता काही नाही.' तीन वर्षं एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं. स्ट्रिप त्याला मिळाली नाही.

म्हणूनच इंटरॅक्शन चेकर आणि चॅटबॉटवर माझा अर्धाच विश्वास आहे. तुम्ही जे टाइप करता तेवढंच त्यांना कळतं. 'दहावीपर्यंतच्या गोळ्या' कोण टाइप करतं?

ऑर्डर करताना नाव पूर्ण वाचा

औषधाच्या अॅपमध्ये मी पहिली दोन अक्षरं टाइप केली आणि सजेशनमधलं बस्पिरोन कार्टमध्ये टाकलं. ते चिंतेवरचं वेगळंच औषध. प्रिस्क्रिप्शन अपलोड करताना लक्षात आलं. ही चूक इतकी जुनी आहे की अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या दोन नावांतला वेगळा भाग कॅपिटल अक्षरांत छापायची शिफारस केलेली आहे. स्ट्रिपचा फोटो फोनमध्ये ठेवा: नाव, मिलिग्रॅम, एसआर की एक्सएल. दुसरा डॉक्टर 'काय चालू आहे?' विचारतो तेव्हा 'पांढरी गोल गोळी' हे उत्तर पुरत नाही. आधीच डिप्रेशनसाठी बुप्रोपिऑन चालू असेल आणि सिगारेटसाठी दुसऱ्या ब्रँडचं मिळालं, तर तो डबल डोस होतो.

चालू असताना

तोंड कोरडं पडणं, झोप न लागणं, डोकेदुखी, मळमळ हे नेहमीचे त्रास. ब्लड प्रेशर वाढू शकतं, विशेषतः सोबत निकोटीन पॅच असेल तर, म्हणून मोजत राहायचं. झोपेचा दोष मात्र सगळा गोळीचा नसतो. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफीन वेगाने साफ करत असतं. धूर बंद झाला की तीच कॉफी जास्त वेळ अंगात राहते. मी दुपारनंतरची कॉफी बंद केली आणि फरक पडला. ओलान्झापिन, क्लोझापिन किंवा थिओफिलिन घेणाऱ्यांनी सिगारेट सोडण्याआधीच डॉक्टरांना सांगावं, याच कारणाने त्या औषधांची रक्तातली पातळी वाढते. उलट टॅमॉक्सिफेनचा परिणाम बुप्रोपिऑनमुळे कमी होऊ शकतो. घरात कोणी स्तनाच्या कॅन्सरनंतर ते घेत असेल तर हे नक्की सांगा.

२४ वर्षांपर्यंतच्या तरुणांमध्ये अँटीडिप्रेसंट सुरू करताना किंवा डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी ठळक सूचना या औषधावर आहे. सिगारेट सोडणाऱ्यांसाठीची मानसिक दुष्परिणामांची वेगळी ठळक सूचना अमेरिकेत २०१६ मध्ये, आठ हजारांहून जास्त लोकांच्या चाचणीनंतर काढली गेली. तरी मूड विचित्र बदलला, बेचैनी असह्य झाली, तर घरच्या एकाला आधीच सांगून ठेवा की 'मी वेगळा वागलो तर मला सांग'. तसे विचार आले तर डॉक्टरांना लगेच फोन करा, किंवा टेलीमानसचा १४४१६ लावा. फिट आली, अंगावर पुरळ येऊन चेहरा सुजला किंवा श्वास अडकला, तर पुढची गोळी नाही, थेट हॉस्पिटल.

सिगारेटसाठीचा कोर्स संपला की बहुतेकांना डोस हळूहळू उतरवावा लागत नाही. डिप्रेशनसाठी घेत असाल तर मात्र बरं वाटतंय म्हणून स्वतःहून थांबवू नका. तंबाखू सोडण्याची सरकारी क्विटलाईन १८००-११-२३५६ वर आहे, फोन फुकट लागतो.

नवीन नोकरीच्या मेडिकलमध्ये लघवीची ड्रग टेस्ट असेल तर बुप्रोपिऑनमुळे अॅम्फेटामाईन खोटं पॉझिटिव्ह दाखवू शकतं. प्रिस्क्रिप्शनची पीडीएफ फोनमध्ये ठेवा, आणि लॅबवाल्याला सॅम्पल देण्याआधीच दाखवा.