बालकाचा श्वास आणि नळीचे माप

१/ भूल दिलेल्या बालकाच्या श्वासनलिकेत किती जाडीची नळी घालावी? बारीक पडली, तर हवा बाजूने निसटते. जाड झाली, तर आतील अस्तर चेपून सुजते. चार मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली, की दोनच मिलिमीटर उरतात आणि श्वासाचा अडथळा सुमारे सोळापट होतो.

२/ १८८५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये जोसेफ ओ'ड्वायर यांनी घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांसाठी वयानुसार मापांच्या नळ्यांचा संच घडवला.

३/ मुंबईत वाडिया बालरुग्णालय १९२९ साली सुरू झाले. पुढे १९५७ मध्ये कोल यांनी वयावर आधारलेले सूत्र मांडले. त्याचे आजचे रूप असे : वयाला चाराने भागून चार मिळवावे. चार वर्षांच्या मुलाला पाच मिलिमीटर आतील व्यासाची, फुगा नसलेली नळी.

४/ २००९ मध्ये युरोपातील २,२४६ बालकांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. फुगा नसलेली नळी सुमारे ३१ टक्के मुलांत बदलावी लागली, फुग्याची केवळ २ टक्के. नळी काढल्यानंतरचा घरघराट मात्र दोन्हींत जवळपास सारखाच.

५/ सूत्र अंदाज देते, हमी नव्हे. म्हणूनच भूलतज्ज्ञ अर्ध्या मिलिमीटरने लहान व मोठी नळीही हाताशी ठेवतात. मूल केनवडचे असो वा न्यूयॉर्कचे, अखेरचे माप त्याचा गळाच सांगतो.