ठिणगीची वेळ: टू-स्ट्रोक गाड्या आणि मिस्त्रीची विद्या

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हा टू-स्ट्रोक मोटरसायकलींचे दिवस भरत आले होते. पुढच्याच वर्षी उत्सर्जनाचे कडक नियम लागू झाले आणि काही वर्षांत राजदूत, यामाहा आरएक्स ही नावे शोरूममधून गेली. या गाड्यांचा इतिहास सांगताना परदेशी परवाने, कारखाने आणि जाहिराती यांची चर्चा होते. पण याच जिल्ह्यातल्या देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावसारख्या जंगल-धानाच्या तालुक्यांतून पाहिले तर त्या इतिहासाचा कणा वेगळाच दिसतो. सिलिंडरमधली ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न. पॉइंटच्या काळात ते मिस्त्री ठरवत असे, सीडीआय (कपॅसिटर डिस्चार्ज इग्निशन) आल्यावर कारखाना ठरवू लागला, आणि आता प्रोग्रामेबल इग्निशनमुळे तो अधिकार वर्कशॉपकडे परत येऊ शकतो. हे नवे उपकरण जुन्या कारागिरीचा शेवट करत नाही. मोजमापाची शिस्त पाळली तर ते त्याच कारागिरीचा पुढचा टप्पा आहे, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात पॉइंटपासून करावी लागते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून राजदूत बनवायला घेतली ती १९६२ च्या सुमारास. १९७२ मध्ये अहमदनगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये आरएक्स १०० आणि त्यामागोमाग बजाजची कावासाकी केबी १०० आली. टू-स्ट्रोक इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, हलणारे भाग मोजकेच. त्यामुळे मोठ्या शहरापासून दूर असलेल्या भागात हे इंजिन सहज रुजले. त्यातला नाजूक भाग एकच, मॅग्नेटच्या आतला पॉइंट. मॅग्नेटचा कॅम फिरतो, पॉइंट उघडतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटची गॅप साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवायची असते. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते आणि ठिणगी उशिरा पडते. गॅप वाढली की ती लवकर पडते. म्हणजे टायमिंग एकदा बसवले आणि विसरले, अशी सोयच नव्हती. कॉइल प्लेटला स्क्रूसाठी लांबट खाचा ठेवलेल्या असत, कारण प्लेट थोडी फिरवून टायमिंग पुन्हा बसवावे लागणार हे कारखान्याने गृहीत धरले होते. मिस्त्रीच्या अधिकाराचा याहून ठोस पुरावा शोधण्याची गरज नाही. तो अधिकार यंत्राच्या रचनेतच होता.

या कामात मोजमाप होते, हेही लक्षात घ्यायला हवे. प्लग काढून त्या भोकात डायल गेज बसवायचा, पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधायचा, मग मॅग्नेट उलटा फिरवून पिस्टन ठरलेल्या अंतरावर आणायचा आणि पॉइंट नेमका तिथे उघडतो का हे बल्ब पेटवून-विझवून किंवा पॉइंटमध्ये पातळ कागद धरून पाहायचे. आरएक्स १०० चा बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर. अशा इंजिनात पिस्टन वरच्या बिंदूच्या २ मिलिमीटर अलीकडे असतो, तेव्हा क्रँक सुमारे २० ते २१ अंश मागे असतो. मिस्त्री मिलिमीटरमध्ये बोलत असे, अभियंता अंशांमध्ये. गोष्ट एकच होती. ज्याच्याकडे डायल गेज नसे तो किकचा झटका, चढावरची ओढ आणि प्लगचा रंग यांवरून अंदाज बांधत असे. तो अंदाज नेहमी बरोबर येत नसे, पण त्यामागे कारणमीमांसा होती.

सीडीआयने हे चित्र बदलले. कावासाकीने १९६९ मध्ये एच-१ या ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीत ही पद्धत दिली. आपल्याकडे १९८४ च्या कायनेटिक होंडा स्कूटरमध्ये ती आली आणि पुढे मोटरसायकलींमध्ये पसरली. कपॅसिटर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भरायचा आणि पिकअप कॉइलचा इशारा येताच तो एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये सोडायचा. पॉइंटची घासाघीस संपली, पावसाळ्यातली किकची दमछाक कमी झाली. हा फायदा खरा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण वेळ ठरवणारा भाग आता राळेत बुडवलेल्या डब्यात बंद झाला. बिघडला की नवा टाकायचा, एवढेच मिस्त्रीच्या हाती उरले. पॉइंट सेट करणारा माणूस भाग बदलणारा माणूस झाला, आणि एका पिढीची विद्या पुढच्या पिढीकडे जाण्याचे कारणच उरले नाही.

यात इंजिनाचेही नुकसान होते, कारण टू-स्ट्रोकला सगळ्या वेगांवर एकच टायमिंग मानवत नाही. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर क्रँकला एक अंश फिरायला सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग लागतो. ३००० फेऱ्यांवर त्याच्या दुप्पट. कमी वेगात सिलिंडरमध्ये जुना धूर जास्त उरतो, मिश्रण सावकाश जळते, म्हणून ठिणगी लवकर पडलेली चालते. मात्र अगदी सुरुवातीला ती फार लवकर पडली तर किक उलटी मारते. ज्या वेगावर सायलेन्सरच्या लहरी सिलिंडर सर्वांत चांगला भरतात, तिथे ज्वलन वेगाने होते आणि ॲडव्हान्स (ठिणगी वरच्या बिंदूच्या जितके अंश आधी पडते तो कोन) कमी करावा लागतो. त्याच्याही वर ठिणगी आणखी उशिरा पाडली, तर बाहेर पडणारा वायू जास्त गरम राहतो, सायलेन्सरमधली लहर वेगाने धावते आणि इंजिन आणखी थोड्या वरच्या वेगापर्यंत ओढते. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटरसायकल कंपनीत वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात लहरींचे हे शास्त्र शर्यतीच्या गाड्यांसाठी विकसित केले होते. साध्या मॅग्नेटमधले ठरीव टायमिंग म्हणजे या सगळ्या गरजांमधली तडजोड, आणि बंद सीडीआयने ती तडजोड साऱ्या देशासाठी एकच करून ठेवली. विदर्भात हिवाळ्यातल्या पहाटे पारा १० अंशांवर येतो आणि मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो. एवढ्या फरकाने हवेची घनता साधारण एक-दशांशाने कमी होते, सिलिंडर आणि पिस्टन जास्त तापतात, आणि जास्त ॲडव्हान्स असेल तर नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो. पाठीमागे धानाचे पोते लादून कमी वेगात चढ चढणाऱ्या गाडीची गरज आणि सपाट महामार्गावर एकट्या स्वाराला नेणाऱ्या गाडीची गरज एक नसते.

प्रोग्रामेबल इग्निशन इथे कामाला येते. स्लोव्हेनियाची झीलट्रॉनिक आणि झेक प्रजासत्ताकाची इग्निटेक या लहान कंपन्यांनी अशी उपकरणे जुन्या गाड्यांच्या हौशी कारागिरांपर्यंत पोहोचवली. किती फेऱ्यांवर किती अंश, असा तक्ता संगणकावर भरायचा; आतला मायक्रोकंट्रोलर पिकअपच्या इशाऱ्यावरून वेग मोजतो आणि दर फेरीला ठिणगीचा क्षण काढतो. पण तक्ता भरण्याआधी पिकअप वरच्या बिंदूच्या किती अंश आधी इशारा देतो, हे उपकरणाला सांगावे लागते. तो आकडा चुकला तर पुढचा सगळा तक्ता तेवढाच चुकतो. तो आकडा काढायला पुन्हा प्लगच्या भोकात डायल गेज लागतो, मॅग्नेटवर खूण करावी लागते आणि स्ट्रोब लाइटखाली ती खूण जागेवर आहे का हे पाहावे लागते. म्हणजे राजदूतवर मिस्त्री जे करत होता, तेच पहिले काम आजही आहे. त्यानंतर एका वेळी एकदोन अंशच बदलायचे, प्लगची तपासणी करायची, पोर्सेलिनवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसले तर नॉकिंग समजून मागे यायचे. संगणक आकडे साठवतो. ते आकडे योग्य आहेत की नाहीत हे माणसालाच ठरवावे लागते.

यावर पहिला आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो वजनदार आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा बराच भाग न जळता थेट एक्झॉस्ट पोर्टमधून निघून जातो. तो दोष इंजिनाच्या रचनेतला आहे. टायमिंग कितीही अचूक बसवले तरी तो जात नाही. म्हणून या गाड्या पुन्हा बनवाव्यात असे कोणी म्हणू नये, मीही म्हणत नाही. पण ज्या गाड्या नोंदणीचे नूतनीकरण करून रस्त्यावर आहेत, त्यांचे टायमिंग चुकलेले असले तर मिसफायर वाढतो आणि धूरही. दुसरा आक्षेप कायद्याचा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. रस्त्यावरच्या गाडीवर काम करणाऱ्याने त्या मर्यादेतच राहावे आणि शर्यतीचे सायलेन्सर, वाढवलेले पोर्ट हे ट्रॅकपुरतेच ठेवावेत. तिसरा आक्षेप असा की चारशे-पाचशे रुपयांच्या पॉइंटच्या कामासाठी एवढा खटाटोप कोण करणार? प्रत्येक गाडीसाठी तो करू नये, हे मान्य. मात्र हे काम शिकण्याचे मोल एका गाडीपुरते नाही. वेग, कोन, वेळ, उष्णता आणि लहर यांचा संबंध हातात घेऊन तपासता येईल अशी याहून सोपी प्रयोगशाळा मिळणे कठीण. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीतला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणकही, असेच तक्ते वाचतो, फक्त ते वर्कशॉपला उघडे नसतात.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आयटीआयमधल्या दुचाकी दुरुस्तीच्या शाखांनी एखादे जुने शंभर सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एक डायल गेज, एक स्ट्रोब लाइट आणि एक प्रोग्रामेबल सीडीआय बाकावर मांडावे. आधी पॉइंटवर टायमिंग बसवायला शिकवावे, मग त्याच इंजिनावर तक्ता लिहायला. गोंदिया, तिरोडा, आमगावमधल्या ज्या मिस्त्रींनी राजदूत आणि लूनाचे पॉइंट सेट केले आहेत, त्यांना त्या बाकापाशी शिकवायला बोलवावे. ही माणसे आज वयस्क आहेत. हे काम लांबणीवर टाकले तर शिकवणारे उरणार नाहीत.