बटाटा काळा का पडतो, आणि कमला भागवत

पावसाळ्यात मळवलीला उतरून लोहगडवाडीपर्यंत चढून गेलात, की भज्यांच्या कढईशेजारी एक पातेलं दिसतं, त्यात बटाट्याचे काप पाण्यात बुडवलेले. उघड्यावर ठेवले तर काळे पडतात, हे प्रत्येक घरात माहीत असतं. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला मात्र या काळेपणाचा इतिहास खुणावतो.

काळं करणाऱ्या एन्झाइमचं नाव टायरोसिनेज. फ्रान्समध्ये बूर्कलो आणि बेरत्राँ यांनी १८९५च्या सुमारास ते अळंबीत शोधलं. टायरोसिन या अमिनो आम्लाला ते हवेतला ऑक्सिजन जोडतं आणि पुढे त्याचं मेलॅनिन होतं. अख्ख्या बटाट्यात दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, सुरी फिरली की कप्पे फुटतात. पाण्यात हवा कमी पोचते, म्हणून काप पांढरे राहतात. आपल्या केसांचा काळा रंगही टायरोसिनेजमुळेच बरं का.

आता खरा प्रश्न. न कापलेला बटाटासुद्धा श्वास घेतो. तोही याच जातीच्या एन्झाइमने? १९३०च्या दशकात काही संशोधकांना तसंच वाटत होतं.

इथे येतात कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. १९३३ साली मुंबईची पदवी घेऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सकडे अर्ज केला, तर रामन यांनी बाई म्हणून नाकारलं. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळाला, पण वर्षभर पारखून बघण्याच्या अटीवर! हा किस्सा सगळे सांगतात; बटाट्याचं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते मोठेपण तिथे आहे.

केंब्रिजमध्ये डेरेक रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी टायरोसिनेजच्याच भाऊबंदांवर, म्हणजे प्राण्यांमधल्या फिनोलेजवर, १९३८ साली निबंध लिहिला. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं, प्राण्यांच्या श्वसनात असतं तेच. १९३९ साली रॉबिन हिल यांच्याबरोबर फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचं टिपण 'नेचर'मध्ये आलं. म्हणजे कापल्यावर काळं पडणं वेगळं आणि जिवंत बटाट्याचा श्वास वेगळा. तो मुख्यतः सायटोक्रोमच्या वाटेनेच चालतो, हे पुढे पक्कं झालं.

त्याच वर्षी पीएच.डी. हाती आली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. मग त्या भारतात परतल्या, आणि मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कडधान्यं आणि नीरा यांच्या पोषणमूल्यावर काम करू लागल्या.