गंधतीव्रता मापनातील संदर्भ रसायने

गंधतीव्रतेचे संदर्भ रसायन म्हणजे ठरावीक प्रमाणात विरल केलेले एक शुद्ध रसायन. त्याच्या वासाशी ताडून दुसऱ्या वासाचा जोर सांगितला जातो. गटाराजवळ राहणारा माणूस ‘फार घाण वास येतो’ म्हणतो आणि त्याच रस्त्याने रोज जाणाऱ्याला तो वास जाणवतही नाही. दोघेही खरे बोलत असतात. नाकाला आकड्यात बोलता येत नाही, पण दोन वासांपैकी जोरदार कोणता हे ते बऱ्यापैकी सांगू शकते. संदर्भ रसायनाची पद्धत याच क्षमतेवर उभी आहे. गटाराचा वास संदर्भ रसायनाच्या कुपी क्रमांक तीनइतका आहे असे परीक्षकांनी म्हटले की तक्रारीला नोंदवता येईल असे माप मिळते. येथे वासाचा प्रकार किंवा आवडनिवड विचारात घेत नाहीत, केवळ जोर जुळवतात. वास जेमतेम कळू लागतो ती उंबरठा पातळी वेगळी आणि त्यापुढे वाढत जाणारी तीव्रता वेगळी. मापनात या दोहोंची गल्लत अनेकदा होते.

या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरले जाणारे रसायन म्हणजे एन-ब्युटेनॉल, चार कार्बनचे साधे अल्कोहोल. ‘ई 544’ या अमेरिकी एएसटीएम मानकात त्याचे दोन प्रकारचे मापक्रम आहेत. स्थिर मापक्रमात पाण्यातील द्रावणांच्या कुप्या हुंगतात, तर गतिमान मापक्रमात उपकरणाच्या नळीतून ब्युटेनॉलमिश्रित हवा सोडतात. पाच पायऱ्यांच्या प्रचलित स्थिर मापक्रमात पाण्यातील प्रमाण 250, 750, 2250, 6750 आणि 20,250 पीपीएम (दशलक्ष भागांतील भाग) असे दर पायरीला तिप्पट होते. बारा पायऱ्यांचा मापक्रम 10 पीपीएमपासून दुपटीने चढत 20,480 वर पोचतो. युरोपच्या ‘ईएन 13725’ या मानकाचा (2003, सुधारित 2022) विषय उंबरठा पातळी हा आहे, पण संदर्भ रसायन तेच. एक घनमीटर हवेत 123 मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे 40 पीपीबी ब्युटेनॉल हे तेथील मूळ एकक आहे. ज्याला हा वास 20 ते 80 पीपीबीच्या दरम्यान कळू लागतो असाच माणूस परीक्षक म्हणून घेतला जातो.

ब्युटेनॉल स्वस्त आहे, शुद्ध मिळते, पाण्यात पुरेसे विरघळते आणि त्याचा वास फार आवडण्यासारखा नाही की फार किळसवाणाही नाही. तरीही ते निरुपद्रवी नव्हे. शुद्ध द्रव डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो, त्याची वाफ घसा चुरचुरवते आणि जास्त प्रमाणात गुंगी आणते. आठ तासांच्या कामासाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचवलेली मर्यादा हवेत 20 पीपीएम आहे. कुपीच्या पाण्यातील आकडे आणि हवेतील आकडे मात्र एक नव्हेत. 25 अंश सेल्सिअसला बंद कुपीतील हवेत पाण्यातील प्रमाणाचा साधारण आठवा भाग येतो. म्हणजे 250 पीपीएमच्या द्रावणावर सुमारे 30 पीपीएम, तर 20,250 च्या द्रावणावर 2400 पीपीएमच्या आसपास वाफ असते. दोन सेकंदांच्या हुंगण्याला आठ तासांची मर्यादा जशीच्या तशी लावणे चुकीचे आहे. पण दिवसभर कुप्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या सहायकाला ती लागू होते, आणि सुरक्षेचा विचार करताना नेमका हाच माणूस विसरला जातो. गतिमान मापक्रमाच्या वरच्या टोकाला नळीतूनच हजार-दीड हजार पीपीएम ब्युटेनॉल येते. तातडीच्या धोक्याची पातळी 1400 पीपीएम मानली जाते, आणि हा आकडा पेट घेण्याच्या किमान प्रमाणाचा दहावा भाग म्हणून ठरवलेला आहे. म्हणून खरोखरच गरज नसेल तर वरच्या दोन पायऱ्या गाळाव्यात. अतितीव्र वास मोजायचाच असेल तर संदर्भ वाढवण्याऐवजी नमुना स्वच्छ हवेने ज्ञात पटीत विरल करणे अधिक शहाणपणाचे आहे.

आगीचा धोका तापमानावर ठरतो, आणि येथे प्रदेशाचा प्रश्न येतो. शुद्ध ब्युटेनॉलचा फ्लॅश पॉईंट, म्हणजे द्रवावरची वाफ ठिणगीने पेटू शकते ते किमान तापमान, 35 ते 37 अंश आहे. 20-22 अंशांवर ठेवलेल्या प्रयोगशाळेत हा आकडा दिलासा देतो. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, संग्रामपूर तालुक्यातील वरवट बकालसारख्या बाजाराच्या गावी, एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जाणे नेहमीचे. पत्र्याच्या खोलीत तर आतले तापमानच फ्लॅश पॉईंटच्या वर असते. तेथे शुद्ध ब्युटेनॉलची बाटली उघडणे हे पेट्रोलच्या डब्याइतक्याच जपणुकीचे काम ठरते. विरल द्रावणाचे तसे नाही. सर्वांत तीव्र द्रावणावरची वाफ चाळीस अंशांना सुमारे तिप्पट झाली तरी ती पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या, म्हणजे 1.4 टक्क्यांच्या (14,000 पीपीएम), बरीच खाली राहते. त्यामुळे शुद्ध रसायन जिल्ह्याच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ठेवावे, द्रावणे तेथेच करावीत आणि गावात फक्त विरल कुप्या न्याव्यात. यामुळे द्रावणांच्या प्रमाणाची अचूकताही टिकते. मात्र 25 अंशांना बनवलेली तीन क्रमांकाची कुपी चाळीस अंशांना जवळजवळ चार क्रमांकाइतकी वाफ देते. म्हणून नोंदीत वेळेबरोबर तापमान लिहिलेच पाहिजे आणि उन्हाळ्यात हुंगण्याचे काम सकाळीच उरकावे.

द्रावणासाठी डिस्टिल्ड वॉटरच लागते. वरवट बकालचा परिसर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याशी जोडलेला आहे. त्या पट्ट्यातील विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि कधी पाण्याला स्वतःचाच वास असतो. ज्या पाण्याचा वास तपासायचा त्यातच संदर्भ बनवला तर तुलनेला अर्थ उरत नाही.

काही रसायने वासाने अतिशय प्रभावी असूनही संदर्भ म्हणून नाकारावीत. हायड्रोजन सल्फाइड हे त्यांतले पहिले. सडक्या अंड्याचा हा वास काही पीपीबी इतक्या अल्प प्रमाणातही कळतो. मात्र 100 पीपीएमच्या आसपास ते काही मिनिटांत घ्राणेंद्रियच बधिर करते आणि वास गेला म्हणजे धोका टळला असा जीवघेणा भास होतो. गटाराच्या भुयारात उतरणाऱ्या सफाई कामगारांचे जीव घेणाऱ्या वायूंमध्ये हा प्रमुख आहे. पिरिडीन हे पूर्वी घ्राणचाचण्यांत वापरले जाई. त्याचा फ्लॅश पॉईंट 20 अंश आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवात कर्करोगास कारणीभूत होण्याची शक्यता असलेल्या गटात घातले आहे. ते आता वापरण्याचे काहीच कारण नाही. स्वयंपाकाच्या गॅसला वास देणारे एथिल मरकॅप्टन 35 अंशांना उकळते. गॅसगळती ओळखण्याचे त्याचे काम मोलाचे आहे, आणि म्हणूनच त्याची कुपी गावात फिरवू नये. गळतीचा वास आला की लोकांनी घाबरलेच पाहिजे, त्या वासाची चाचणीच्या निमित्ताने सवय होता कामा नये.

सुरक्षित पर्यायांत पहिला मान फिनाइल एथिल अल्कोहोलचा. हा गुलाबपाण्यातील मुख्य गंध. त्याचा फ्लॅश पॉईंट शंभर अंशांच्या वर आहे, वाफ फार कमी होते, आणि तो नाकातील चुरचुर जाणवणाऱ्या मज्जातंतूला जवळजवळ डिवचत नाही. ब्युटेनॉलच्या तीव्र द्रावणाचा वास न येणाऱ्यालाही चुरचुर मात्र कळते आणि ‘वास आला’ असे चुकीचे उत्तर मिळते. येथे ती अडचण नाही. म्हणून रुग्णाची घ्राणशक्ती तपासण्यासाठी हे रसायन ब्युटेनॉलपेक्षा सरस आहे. त्याची मर्यादाही त्याच गुणातून येते. संपृक्त वाफच जेमतेम शंभर पीपीएमच्या आसपास असल्यामुळे उकिरड्याच्या वासाशी जुळेल इतका जोर त्याला येत नाही. शिवाय सुगंध आणि दुर्गंध यांचा केवळ जोर जुळवणे नवख्या नाकाला जड जाते.

जपानमध्ये परीक्षक निवडताना पाच गंध वापरतात : फिनाइल एथिल अल्कोहोल, जळक्या साखरेसारखे मिथिल सायक्लोपेंटेनोलोन, घामट पायांसारखे आयसोव्हॅलेरिक आम्ल, पिकल्या फळासारखे गॅमा-अंडेकॅलॅक्टोन आणि विष्ठेसारखे स्कॅटोल. यांतील दोन घाणेरड्या वासांचे, म्हणजे आयसोव्हॅलेरिक आम्लाचे आणि स्कॅटोलचे, प्रमाण लाख भागांत एक इतकेच असते. इतक्या अल्प प्रमाणात कुबट रसायनही निर्धोक असते. सुरक्षितता रसायनाच्या नावापेक्षा मात्रेवर किती अवलंबून असते याचे हे चांगले उदाहरण आहे.

घरातल्या वस्तूंचा मोह टाळावा. कापूर, लवंगतेल, व्हिनेगर किंवा फिनाईल यांच्यात गंधासोबत चुरचुर असते. बाजारातील गुलाबपाण्यात मूळ गंध किती हे बाटलीगणिक बदलते. लिंबू-संत्र्याच्या सालीतील लिमोनीन हवेत उघडे राहिले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून तयार होणाऱ्या पदार्थांनी त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित हा समज या विषयात टिकत नाही.

चाचणी नेहमी सौम्य कुपीकडून तीव्र कुपीकडे करतात. दोन हुंगण्यांत अर्धा-एक मिनिट मोकळी हवा लागते, नाहीतर नाक बधिर होऊन पुढचा आकडा खाली येतो. दमा असलेल्यांना, गर्भवतींना आणि लहान मुलांना परीक्षक करू नये. कुपी नाकाला न टेकवता थोडी दूर धरावी.

भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुर्गंध प्रदूषण व त्याच्या नियंत्रणाविषयी 2008 मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. 2009 च्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता मानकांतील बारा घटकांत अमोनिया आहे, वासाची तीव्रता नाही. पिण्याच्या पाण्याच्या ‘आयएस 10500’ मानकातही वास ‘स्वीकारार्ह’ असावा एवढेच म्हटले आहे. नागपूरची नीरी ही 1958 मध्ये स्थापन झालेली पर्यावरण संशोधन संस्था विदर्भातच आहे. गावपातळीवरील मापनाला तांत्रिक आधार हवा असेल तर तो फार दूर शोधावा लागत नाही. गटार, गोठा किंवा उकिरड्याच्या तक्रारीसाठी प्रयोगशाळेतून आणलेल्या ब्युटेनॉलच्या खालच्या तीन पायऱ्या आणि माणसाचे नाक तपासण्यासाठी फिनाइल एथिल अल्कोहोल, ही विभागणी घाटाखालच्या गावांसाठी सर्वांत सुरक्षित आणि पुरेशी आहे.