उडालेल्या पार्टिशनची कुळकथा

चांदूर बाजारच्या पेठेत संगणक दुरुस्तीचे दुकान मांडून बसलेल्या कारागिरापाशी संत्र्याच्या व्यापाऱ्याचा हिशेबनीस, लग्नसमारंभ टिपणारा छायाचित्रकार किंवा अर्ज टंकून देणारा अर्जनवीस घाबऱ्याघुबऱ्या येतो आणि "भाऊ, डी ड्राइव्ह दिसूनच नाही राह्यली" अशी फिर्याद गुदरतो, तेव्हा वर्षानुवर्षांचा मजकूर एका क्षणात नष्ट झाला, अशीच त्याची समजूत असते. वस्तुतः नष्ट झालेले असते ते पुष्कळदा चौसष्ट बाइटांचे एक टिपण. आणि त्या टिपणाचा जन्म कसा झाला हे पाहिले, म्हणजे ते पुन्हा उभे करण्याच्या विद्येचे कूळही उलगडू लागते.

1983 च्या मार्चमध्ये आयबीएम कंपनीने आपल्या 'एक्स-टी' संगणकात दहा मेगाबाइटांची हार्ड डिस्क बसवली, आणि एकाच तबकडीवर निरनिराळ्या कार्यप्रणालींना नांदता यावे म्हणून तिची वाटणी करण्याची सोय डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत ठेवली. पहिला सेक्टर 512 बाइटांचा. त्यातील 446 बाइट आरंभीच्या आज्ञांसाठी सोडून पुढे प्रत्येकी 16 बाइटांच्या चार नोंदी आणि अखेरीस दोन बाइटांची मोहोर, एवढाच त्या वाटणीपत्राचा विस्तार. चार हिस्सेदारांपलीकडे त्यात कोणाला जागा नव्हती, आणि त्याची नक्कल कोठे ठेवावी याचा तर कोणी हुकूमच केलेला नव्हता. या हयगयीमुळेच पुढे एक विद्या जन्मास आली, असे म्हणावयास हरकत नाही.

तलाठ्याच्या दफ्तरातला नकाशा जळाला म्हणून शेतातले बांध जागचे हलत नाहीत. तद्वत हा तक्ता पुसला गेला तरी प्रत्येक हिस्सा आपल्या पहिल्या सेक्टरात स्वतःची जात आणि लांबी लिहून बसलेला असतो, आणि त्या लेखाची दुसरी प्रत एनटीएफएस पद्धतीत हिस्स्याच्या अगदी शेवटी, तर फॅट-32 मध्ये सहा क्रमांकाच्या सेक्टरात आढळते. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने 1998 मध्ये लिहावयास घेतलेला 'टेस्टडिस्क' हा विनामूल्य प्रोग्रॅम सबंध तबकडी आरंभापासून अखेरपर्यंत चाळून हे बांध शोधतो आणि त्यांच्यावरून नवा तक्ता बरहुकूम लिहून देतो. त्याचा पूर्वज म्हणावा तो पीटर नॉर्टनचा, 1982 मधला 'अनइरेज'. डॉसमध्ये फाइल पुसली म्हणजे तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक खूण तेवढी घातली जाई आणि तिने व्यापलेली जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. मजकूर जेथल्या तेथे राही, आणि परत मिळवताना ते हरवलेले पहिले अक्षर मालकालाच विचारले जाई.

चांदूर बाजारचा जाणता कारागीर आजही दुखऱ्या डिस्कवर एक अक्षर लिहीत नाही. तिची समग्र प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो आणि जे काय प्रयोग करावयाचे ते त्या प्रतिमेवर करतो. "फॉरमॅट करायचे आहे का?" या खिडकीतल्या प्रश्नाला आधीच होकार देऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र तो चार शब्द सुनावल्यावाचून राहत नाही, आणि ते योग्यच आहे.

परंतु तक्ताच नव्हे, मजकूरही गेला तर काय? याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या मोर्शी तालुक्यात महानुभाव पंथाचे क्षेत्र रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींच्या लीळा, त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांपाशी जाऊन, विचारपूस करून, नागदेवाचार्यांपुढे खातरजमा करून संकलित केल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभी खलजी फौजांच्या धामधुमीत ती मूळ पोथी अंतरली, असे महानुभाव परंपरा सांगते. नक्कल नव्हती, बांधही नव्हते. होती ती पाठांतर केलेली माणसे. त्यांच्या स्मरणातून लीळाचरित्र पुन्हा लिहिले गेले, आणि मला या प्रकरणातली सर्वांत आदरणीय गोष्ट वाटते ती अशी की, हे पुनर्लेखन एकजीव असल्याचा आव कोणी आणला नाही. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे भेद ज्याच्या त्याच्या नावानिशी जपले गेले. संप्रदायाच्या परिभाषेत त्यांना 'वासना' म्हणतात. डॉ. वि. भि. कोलते यांची लीळाचरित्राची आवृत्ती 1978 मध्ये निघाली, तिच्यामागेही पाठभेदांचा हा डोंगर उभा होता.

याच्या शेजारी आजचे 'कार्व्हिंग' ठेवून पाहावे. अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागातील दोघा अधिकाऱ्यांनी घडवलेला 'फोरमोस्ट' आणि ग्रेनिए यांचाच 'फोटोरेक' हे प्रोग्रॅम तक्त्याची वा सूचीची मुळीच अपेक्षा न ठेवता, जेपीईजी चित्र कोणत्या बाइटांनी सुरू होते एवढ्या ओळखीवर, कच्च्या सेक्टरांतून फाइली खुडून काढतात. तंत्र अद्भुत खरे. पण हाती येतो तो निनावी ढीग, प्रत्येकाला मूळ नावाऐवजी नुसता क्रमांक. कोणती प्रत आधीची, कोणती नंतरची, कोणती अर्धवट, हा तपशील सांगायला तेथे हिराइसा नसते. मग छायाचित्रकाराच्या घरची मंडळीच पडद्यासमोर बसून हे कोणाचे लग्न, ते कोणाचे बारसे, अशी वर्गवारी करतात.

मजकूर शाबूत, पण वाचता येत नाही, हा प्रसंगही महानुभावांच्या बाडांनी आधीच पाहून ठेवला आहे. सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेल्या त्या पोथ्या संप्रदायाबाहेरच्यांना शतकानुशतके मुक्या होत्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीची उकल केली तेव्हा त्या बोलू लागल्या. आज 'बिटलॉकर'ने कुलूपबंद झालेल्या पार्टिशनला असा राजवाडे भेटण्याची आशा नाही; अठ्ठेचाळीस अंकांची किल्ली मालकाने जपली असेल तर ठीक, नाहीतर कारागीर डिस्क तशीच परत करतो.

नव्या एसएसडीने तर या विद्येच्या मुळावरच घाव घातला आहे. फाइल पुसताच 'ट्रिम' नावाची आज्ञा त्या जागा निरुपयोगी झाल्याचे डिस्कला कळवते, आणि डिस्क आपल्या सवडीने त्या खरोखरीच रित्या करते. नॉर्टनला जो मजकूर जागच्या जागी सापडे, तो येथे थोड्याच वेळात उरत नाही. म्हणून गिऱ्हाईक दुकानात शिरताच कारागीर प्रथम एवढेच विचारतो, की डिस्क फिरणारी आहे की चिपवाली, आणि उत्तर ऐकून मगच स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतो.